नसरुद्दीनभाईंचा बर्फ

दोह्यात बर्फावर हॉकी खेळतात हे मी नाशिकला सांगितलं, तेव्हा माझी वहिनी म्हणाली, "उन्हानं डोकं फिरलंय तुमच्याकडच्या लोकांचं." तिचं फारसं चुकलं नव्हतं. बाहेर माणूस पापडासारखा भाजून निघतो आणि आत मॉलमध्ये काचेपलीकडे धिप्पाड बाप्ये पायांत पाती बांधून एका काळ्या रबरी चकतीमागे धावत असतात, एकमेकांना कडेच्या फळीवर आपटतात आणि मग खांदा धरून माझ्यापुढे येऊन बसतात. मी विभावरी, फिजिओथेरपिस्ट. एरवी दवाखान्यात असते. शुक्रवारी सकाळी लीगच्या मॅचेसना रिंकच्या कडेला बसून कुणाचं काय निखळलं ते पाहायचं, हे माझं जादा काम. नवरा मधु गॅस कंपनीत. सुट्टीच्या दिवशी बायको घरात नसते म्हणून तो कुरकुरतो, पण स्वतः बाराशिवाय उठत नाही. मग मी नसते हे त्याला कळतं कसं, ते त्यालाच ठाऊक.

मला सांगायचंय ते नसरुद्दीनभाईंबद्दल. पण लीगचं सांगितल्याशिवाय त्यांचं सांगता येत नाही, कारण त्या माणसाचा सगळा जीव त्या बर्फात अडकलेला.

लीगवाले स्वतःला प्रोफेशनल म्हणवत. म्हणजे पंच होते, घड्याळ होतं, गुणतक्ता होता, आणि खेळणारे सगळे दुसऱ्याच कुठल्यातरी कामाचा पगार खात होते. कॅनडाचे मास्तर, फिनलंडचे इंजिनिअर, चेक पायलट, दोन-तीन रशियन, ते काय करतात हे कुणी विचारत नसे. चार संघ. शुक्रवारी सकाळी मॉल उघडायच्या आत दोन मॅचेस व्हायच्या आणि जुम्म्याच्या नमाजाच्या बऱ्याच आधी आवरायचं, हा नियम. बरोबरी झाली तरी जादा वेळ नाही. एकदा एका नव्या पंचानं जादा वेळ सुरू केला, तर नसरुद्दीनभाई सरळ बर्फाची गाडी घेऊन आत शिरले. "यल्ला यल्ला, खलास," म्हणत त्यांनी दोन्ही संघांना मेंढरांसारखं बाहेर काढलं. 

बर्फाची गाडी म्हणजे लहानशा ट्रॅक्टरएवढं मशीन. मॅचच्या मध्यंतरात ते बर्फावरून फिरतं, वरचा खरवडलेला पापुद्रा सोलून काढतं आणि मागे गरम पाण्याचा हात फिरवत जातं. हो, गरम पाणी. मलाही आधी पटलं नव्हतं. ते पाणी गोठलं की बर्फ पुन्हा कोरा दिसतो. नसरुद्दीनभाई ते मशीन चालवायचे. अंगात दोन स्वेटर, डोक्याला माकडटोपी, पायांत रबरी बूट. एरवी मॉल चालू असताना काचेपलीकडून पोरं हात हलवायची, फोटो काढायची, यांचं लक्ष नसायचं. मान एका बाजूला कलती करून कडेवर नजर. सतरा-अठरा वर्षं त्या बर्फावर काढली, पण स्केटिंग एकदाही केलं नाही. मी विचारलं तर म्हणाले, "आपला काम बरफ करायचा, बाई. त्याच्यावर पडायचा काम त्यांचा."

गाव म्हसळ्याच्या बाजूचं. तरुणपणी बंदरावर बर्फाच्या कारखान्यात होते, मासळीच्या होड्यांना बर्फ फोडून द्यायचे. मग दोह्यात एसीच्या कामावर हेल्पर म्हणून आले आणि फिरत फिरत रिंकवर लागले. माझं मराठी कानावर पडलं त्या दिवशी त्यांनी गाडी मध्येच थांबवून विचारलं होतं, "मराठी काय? मंग बसलाय काय परक्यासारखे?" त्यानंतर दर शुक्रवारी माझ्यासाठी करकचा, म्हणजे इथल्या कडक चहाचा, पेला हजर. दाट, वेलची घातलेला, जिभेला चिकटेल इतका गोड. माझी साखर वाढली तर तिचं निम्मं पाप त्यांच्या माथ्यावर.

त्यांचं दुखणं मला एकदा उपचार करताना कळलं. मशीनवर वाकून वाकून त्यांची कंबर धरली होती. मी दाबून देत होते आणि ते पालथे पडून बोलत होते. माणूस पालथा पडला की खरं बोलतो, हा माझा धंद्यातला अनुभव आहे.

गावात त्यांना 'लादीवाला' म्हणत. म्हणजे असं झालं, त्यांची मुलगी अफशां हिनं एका लग्नात बापाचा व्हिडिओ सगळ्यांना दाखवला. आम्हीच कुणीतरी काढलेला. आता मोबाइलवर बघायचं म्हणजे काय दिसणार? पांढरी, चकचकीत, ओली फरशी, तिच्यावर गोल गोल फिरणारी गाडी आणि तिच्यावर माकडटोपी घातलेले नसरुद्दीनभाई. मुंबईच्या विमानतळावर जाऊन आलेला कुणीतरी शहाणा तिथं होता. तो म्हणाला, "ही तर लादी पुसायची गाडी. एअरपोर्टवर असते." झालं. हसता हसता नाव पडलं. अफशांच्या सासरी टोमणे सुरू झाले, की बाप कतारला बर्फाचा साहेब म्हणून सांगितलं होतं आणि निघाला पोचा मारणारा. नसरुद्दीनभाईंनी आणखी व्हिडिओ पाठवले, त्यानं आगीत तेल पडलं. जितकं पाठवावं तितकी लादीच दिसायची.

"लादी पुसणं वाईट आहे का?" मी जरा चिडूनच विचारलं.

"नाय, बाई. काम काय, कुठलाय असो. पन जा मी करत नाय ता केला बोलतात. आनि जा करतो ता खोटा." उशीत तोंड खुपसलं होतं तरी आवाज ओला झालेला कळला. "घरवाली बोलते, मना एकदा न्या. मी माज्या डोल्यानी बघीन, हात लावीन, मंग बघते गावात कोन काय बोलतो."

घरवालीचं नाव ताहेरुन्निसा. इतकी वर्षं झाली, ती कधी दोह्याला आली नव्हती. आधी यांच्या पगारावर तिला बोलावता येत नव्हतं. मग व्हिसाचा नियम जरा सैल झाला, तर यांनी गावभर सांगितलं, तिनं शेजारणींना सांगितलं, बांगड्या भरल्या, आणि कागद कुठल्यातरी खिडकीवरून परत आला. पुन्हा जमवलं ते दोन हजार वीसच्या मार्चमध्ये. तेव्हा तर पेढेसुद्धा वाटून झाले होते. विमानतळच बंद झाला. दोन वेळा बोलून दोन्ही वेळा मोडलं. त्या दिवशी तिच्या सासूनं, म्हणजे यांच्या आईनं, फोनवर सुनावलं की जाणाऱ्यानं विमानात बूड टेकेपर्यंत तोंड उघडायचं नसतं, नजर लागते. कोकणात ही समजूत सगळ्यांचीच आहे, हिंदू काय नि मुसलमान काय. आमच्या दवाखान्यातला गुहागरचा लॅबवाला तर स्वतःच्या लग्नाला गेला आणि रजेच्या अर्जात कारण 'पर्सनल' लिहून गेला. आल्यावर बायको बरोबर बघून आम्हाला कळलं.

"मग आता कधी बोलावताय?" मी विचारायची.

"बघू, बाई. इन्शाल्ला."

या इन्शाल्लाच्या पलीकडे मला कधी काही कळलं नाही.

वर्ल्डकपचं साल उजाडलं आणि दोह्याची गंमत झाली. गंमत म्हणजे वाईटच. इतकी वर्षं जे खणत होतो, बांधत होतो, ते सगळं पुरं होत आलं. रस्ते झाले, मेट्रो झाली, स्टेडियमवर दिवे लागले. लोकांना वाटतं, काम पुरं झालं की आनंद होतो. प्रोजेक्टवर काम पुरं झालं की माणसं घरी पाठवतात. त्याला इथे 'डिमोब' म्हणतात. "काय रे, दिसला नाहीस?" "डिमोब झालो, मॅडम." शाळा सोडल्याचा दाखला मिळावा तसं माणसं हा शब्द सांगायची. फुटबॉलसाठी शहर सजत होतं आणि आमची हॉकी त्याच्या पायाखाली हळूहळू रिकामी होत होती.

त्या वर्षीचा सीझन लीगवाल्यांनी मुद्दाम आखूड केला. सप्टेंबरात सुरू, ऑक्टोबरच्या तिसऱ्या शुक्रवारी फायनल, म्हणजे नोव्हेंबरच्या गर्दीच्या आत मोकळे. आराखडा कागदावर छान होता. पहिल्याच आठवड्यात एका संघाचा गोली, म्हणजे गोलरक्षक, गेला, त्याचा पूल बांधून झाला होता. मग पहिल्या मॅचचा गोली दुसऱ्या मॅचमध्येही उभा राहू लागला, स्वेटर बदलून. बिचाऱ्याचे गुडघे माझ्याकडे. तिसऱ्या आठवड्यात दोन संघांची माणसं मिळून एकच संघ उरला. गुणतक्त्यात चारही नावं होती, त्यातल्या एकापुढं नुसत्याच रेघा. खेळाडू गोल झाल्यावर ओरडायचे, पण ओरडायला बाकावर माणसंच कमी. मला ते रिकामे बाक बघवायचे नाहीत. मी तोंडाची फटकळ आहे, रडत बसणं मला जमत नाही, म्हणून मी सगळ्यांवर खेकसायचे.

नसरुद्दीनभाई मात्र त्या महिन्यात भलतेच खुशीत होते. बर्फाला इतकं जपायचे, की विचारू नका. कडेला जिथं गाडीचं पातं पोचत नाही तिथं गुडघ्यावर बसून हातानं घासायचे. मी म्हटलं, "भाई, फायनलला कतारचे अमीर येणारेत का?" तर नुसते हसले. एका संध्याकाळी सूक वाकिफच्या बाजारात मला दिसले. बाहेर घामाच्या धारा आणि हे लोकरीची बायकी शाल हातात घेऊन उलटसुलट बघतायत, वर पायमोजेही लोकरीचे. मी मागून जाऊन म्हटलं, "कोणासाठी हो?" दचकले. म्हणाले, "भाचीसाठी. ती काश्मीरला जाते." म्हसळ्याची भाची काश्मीरला जाते तर जावो बापडी. मला मसाल्यांची घाई होती, मी पुढे गेले.

फायनलच्या आधीचा सोमवार. रिंकचा मॅनेजर अरुणकुमार, पालक्काडचा, भला पण घाबरट, त्यानं मला दवाखान्यात फोन केला. वर्ल्डकपच्या काळात रिंकची जागा चाहत्यांना मॅच दाखवायच्या हॉलसाठी देणार, हे आम्हाला माहीत होतंच. पण तो हॉल उभा करणारा कॉन्ट्रॅक्टर आठवडाभर आधी येऊन थडकला होता. मॉलच्या वरच्या ऑफिसातून निरोप आला, मंगळवारपासून बर्फ काढा. फायनल रद्द. लीगवाल्यांनी जरा कुरकुर केली, मग माणसं मोजली, तर फायनलला उभी राहतील एवढी धड नव्हतीच. गुणतक्त्यात वर असलेल्या संघाला कप देऊन टाकला. कुठं, तर कॉफीच्या दुकानात. मी गेले नाही.

मंगळवारी मात्र मी रिंकवर गेले. का गेले, सांगता येत नाही. माणूस आजारी असला की आपण बघून येतो, तसंच काहीतरी. थंडावा देणारी यंत्रं बंद केली होती आणि ती कायमची घरघर थांबल्यामुळे हॉल मोठा आणि परका वाटत होता. नसरुद्दीनभाई गाडीवर होते. पातं खोल लावून बर्फाचे थर सोलत होते. आधी पांढरा निघाला, मग त्याखालच्या लाल-निळ्या रेघा चिखल होऊन निघाल्या, मग करडं सिमेंट उघडं पडत गेलं. चार पोरं फावड्यानं तुकडे ढकलगाडीत भरून मागच्या दारानं बाहेर नेऊन ओतत होती. बाहेरच्या उन्हात तो ढीग बघता बघता बसत होता.

"भाई," मी म्हटलं, "वाईट वाटतंय हो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "हुकूम हाय," म्हणाले. चेहरा पार उतरला होता. मला वाटलं, नोकरीचं टेन्शन. ते तर खरंच होतं. रिंकची माणसं डिमोब होणार होती. अरुणकुमारनं वर हातापाया पडून नसरुद्दीनभाईंना तेवढं ठेवून घेतलं होतं, वर्ल्डकप संपेपर्यंत. कोणत्या कामावर, ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

शुक्रवारी दुपारी, जुम्मा झाल्यावर, मी माझी बॅग आणायला गेले. टेप, पट्ट्या, फवारे, सगळं रिंकच्या कपाटात राहिलं होतं. आत शिरते तर कडेच्या फळीपाशी नसरुद्दीनभाई उभे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर जाळीची टोपी. शेजारी एक ठेंगणी, सावळी बाई, बुरख्यावर लोकरीची शाल लपेटलेली, चपलेत लोकरीचे मोजे. घामानं तिचं कपाळ ओलं झालं होतं तरी शाल तिनं सोडली नव्हती.

"ही घरवाली," नसरुद्दीनभाई म्हणाले. "काल आली."

 त्या मोज्यांकडे बघितलं आणि माझ्या डोक्यात सगळं लख्ख झालं. आज फायनल होती. आज ही इथं बसणार होती, आणि हे गाडी घेऊन तिच्यापुढून जाणार होते.

"काल आली? आणि मला सांगितलं नाहीत?" माझा आवाज चढला. "अहो, मी भांडले असते! त्या कॉन्ट्रॅक्टरच्या छाताडावर बसले असते! अरुणकुमारला तरी बोलायचं!"

अरुणकुमार ऑफिसच्या दारात उभा होताच. माझा आरडाओरडा ऐकून तो आला, त्याला समजलं तसा त्यानं कपाळावर हात मारला. "नसरुद्दीन, पहले बोलना था ना! एक कोना रख देता मैं. दो दिन का क्या है? कौन देखता था?"

नसरुद्दीनभाईंनी डोक्यावरची टोपी सारखी केली. मग माझ्याशी मराठीत बोलले, अगदी हळू. "सोमवारी विमान सुटला नवता, बाई. दोन येला बोललो, दोन येला मोडला. म्हटला, बरफ गेला तर गेला. ही तरी येव दे."

मी कपाटातून बॅग काढून बाकावर आपटली. 

ताहेरुन्निसा फळीवरून वाकून खाली बघत होती. खाली करडं सिमेंट, त्यावर ओल्याचे डाग आणि एका टोकाला कॉन्ट्रॅक्टरची माणसं हिरवं खोटं गवत अंथरत होती. नसरुद्दीनभाई तिला दाखवू लागले. इथून गाडी शिरायची, तिथं गोल, या सिमेंटच्या पोटात पाइप आहेत, त्यातून थंड पाणी जातं. ती मान हलवत होती. मग त्यांनी पायाशी ठेवलेलं थर्मोकोलचं खोकं उघडलं. मासळीवाल्यांकडे असतं तसलं. मंगळवारी त्यांनी बर्फाचा एक तुकडा बाजूला काढून अल थुमामा भागात इकबालच्या, म्हणजे त्यांच्या मावसभावाच्या, फ्रीजरमध्ये ठेवला होता. ताहेरुन्निसा त्याच इकबालकडे उतरली होती. रात्री दाखवता आला असता, पण यांना तो इथंच दाखवायचा होता, त्याच्या जागी.

तिनं तुकडा हातात घेतला. एका बाजूला लाल रेघेचा पुसट अंश होता. "हां," ती म्हणाली. "बंदरावर मासलीवर टाकतात ना, तसाच हाय." वाईट हेतूनं नाही बोलली. जे दिसलं ते बोलली. बोटं गारठली तशी तिनं तो परत खोक्यात ठेवला आणि हात शालीला पुसले.

"दुसऱ्या मॉलमध्ये रिंक आहे," मी घाईघाईनं म्हटलं. "माझी गाडी आहे बाहेर. आत्ता जाऊ. बर्फ बघा, हात लावा, हवं तर बसून फोटो काढा."

"तो माजा बरफ नाय, बाई," नसरुद्दीनभाई म्हणाले. इतक्या निश्चयानं म्हणाले, की मी किल्ल्या परत पर्समध्ये टाकल्या. मला त्यांचा राग आला. अजूनही येतो. एवढा ताठा काय कामाचा? पण खरं सांगायचं तर त्यांच्या जागी मीही गेले नसते.

तेवढ्यात मॉलच्या बाजूनं घूं घूं करत फरशी पुसायची गाडी आली. वर एक नेपाळी पोरगेला ड्रायव्हर. मागे ओला, चकचकीत पट्टा. काचेच्या दारापाशी त्यानं गाडी थांबवली आणि ओरडला, "नसरुभाई! शाम को मेरे बाद आपकी ड्यूटी है ना? चार्जिंग पे लगा दूँगा!"

अरुणकुमारनं दुसरीकडे बघितलं. मला तेव्हा कळलं, त्यानं हातापाया पडून कोणतं काम मिळवलं होतं ते. मशीन चालवता येतं, म्हणून मशीन दिलं होतं. त्याचा काय दोष? त्यानं तर पोटाला लावलं होतं.

हिंदी ताहेरुन्निसाला चांगलं कळतं. ती त्या गाडीकडे बघत राहिली. गाडी वळली, तिची ओली पट्टी दुकानांच्या दिव्यांत चमकली, आणि गाडी निघून गेली तरी ती त्याच दिशेला बघत होती. नसरुद्दीनभाईंच्या तोंडाचं पाणी पळालं होतं. ते म्हणाले, "चाय आनतो." आणि जवळजवळ पळालेच.

अरुणकुमारही सटकला. आम्ही दोघी फळीपाशी राहिलो. मी तिला प्रवास कसा झाला, जेवलात का, असलं काहीबाही विचारत होते. ती उत्तरं देत होती. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचा तळवा अजून गार होता.

"बाई, एक इचारू? खरा सांगा मना. राग नाय येनार."

"विचारा ना."

"हय खराच बरफ व्हता?"

मला वाटलं, कुणीतरी माझ्याच कानाखाली वाजवली. "अहो, होता म्हणजे काय!" मी म्हटलं. "मी स्वतः बघितलाय, इतकी वर्षं! दर शुक्रवारी! इथं मी बसायचे, या बाकावर. थंडीनं दात वाजायचे माझे. हे गाडी फिरवायचे, ती त्या लादीच्या गाडीसारखी नाही हो, मोठी असते, त्याला पातं असतं, गरम पाणी असतं..." मी बोलत सुटले. बर्फाची जाडी सांगितली, संघांची नावं सांगितली, कॅनडाचा मास्तर कुठं पडला ते बोट करून दाखवलं. ती सिमेंटकडे बघायची, माझ्याकडे बघायची. आणि बोलता बोलताच मला कळत गेलं, की मी जितकं जास्त सांगतेय तितकं ते पढवल्यासारखं वाटतंय. गरम पाण्यानं बर्फ होतो म्हणे! कोण विश्वास ठेवील?

मी थांबले तसा तिनं माझा हात थोपटला. "तुमी चांगल्या हाव, बाई," ती म्हणाली. "त्यांच्या वलखीच्या. तुमी असाच बोलनार."

मी मान वळवली, तर मागं नसरुद्दीनभाई उभे होते, हातात करकचे तीन पेले. केव्हा आले होते, किती ऐकलं होतं, देव जाणे. त्यांनी पहिला पेला तिला दिला, दुसरा मला. तिसरा हातात तसाच राहिला.

"गावात काय सांगशील?" त्यांनी विचारलं.

"सांगन ना," ती म्हणाली. चहावर फुंकर घातली. "बघितला म्हनून सांगन. हात लावला, लय गार व्हता, सांगन. कोन काय बोलतो बघते."

"ताहेरा." त्यांचा आवाज फुटला. एवढा बाप्या माणूस, हातातला चहा हिंदकळून इस्त्रीच्या शर्टावर सांडला तरी त्यांना कळलं नाही. "अल्लाकसम, व्हता गो."

ताहेरुन्निसानं शालीच्या टोकानं त्यांचा शर्ट पुसला.

"हां म्हटला ना मी," ती म्हणाली.